लॅपटॉपवर बोरोहायड्राइडचा प्रकल्प जमेल का?

तुम्ही विचारलंय: एमएस्सीचा प्रकल्प आहे, कोल्हापुरातल्या तुमच्या कॉलेजात उच्च दाबाची उपकरणं नाहीत, तर हायड्रोजन साठवणाऱ्या धातू बोरोहायड्राइडचा (धातू, बोरॉन आणि हायड्रोजन यांच्या संयुगाचा) अभ्यास नुसत्या लॅपटॉपवर होईल का आणि संयुग कोणतं घ्यावं?

होईल. लिथियम बोरोहायड्राइड घ्या. त्याच्या साध्या रूपाच्या युनिट सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान खोक्यात, 24 अणू असतात, आणि गणित करणारं क्वांटम एस्प्रेसो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मॅग्नेशियम बोरोहायड्राइडचं अल्फा रूप 330 अणूंचं आहे, त्याच्या नादाला लागू नका.

आता खरी गोष्ट. सगळे पेपर 18.5 टक्क्यांनी सुरू होतात, म्हणजे वजनात एवढा हायड्रोजन. पण तापवल्यावर लिथियम हायड्राइड मागं उरतं, चारातला एक हायड्रोजन त्यातच अडकतो. हाती येतात 13.8. तेही कधी? तर चारशे अंशांच्या आसपास, आणि गाडीतला फ्युएल सेल चालतो 80 अंशांवर.

डीएफटीनं (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायची पद्धत, क्वांटम एस्प्रेसो हेच करतं) तुम्ही काढणार ती विघटनाची एन्थाल्पी, म्हणजे संयुग फोडायला लागणारी उष्णता. खोलीच्या तापमानाला हायड्रोजनचा एक बार (साधारण हवेएवढा) दाब हवा तर ती हायड्रोजनच्या मोलमागे साधारण 39 किलोज्यूल पाहिजे, कारण वायू सुटताना एन्ट्रॉपी (विस्कळीतपणाचं माप) 130 ज्यूल प्रति केल्विनच्या आसपास वाढते. भागाकार करून बघा, 300 केल्विन येतं.

इथंच मी तोंडावर आपटलो होतो. राजारामपुरीतल्या खोलीवर तीन आठवडे मशीन चालवून आकडा काढला, सरांना दाखवला. ते म्हणाले, "झीरो-पॉइंट एनर्जी कुठाय?" म्हणजे शून्य केल्विनलाही न थांबणाऱ्या कंपनांची ऊर्जा. हायड्रोजन एवढा हलका की त्याची कंपनं धरली नाहीत तर पंधरा-वीस किलोज्यूलची चूक सहज होते. मग फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांचं गणित, पहिल्यापासून. त्यात ऐन मध्यात लाईट गेली. तेव्हा इनपुटमध्ये 'रिकव्हर' ट्रू करून ठेवा, म्हणजे गणित थांबलं तिथून पुढं सुरू होतं, आणि लॅपटॉपखाली दोन पुस्तकं लावून हवा खेळती राहू द्या, मार्च-एप्रिलात फार तापतो.

पण एन्थाल्पी काढली म्हणजे झालं असं नाही. माझ्या मते सगळी गंमत मधल्या वाटेत आहे. 2006 साली जपानी संशोधकांनी गणितानं दाखवलं की विघटनाच्या मध्येच बारा बोरॉनचा पिंजरा असलेलं संयुग फार स्थिर असतं. 2008 मध्ये एनएमआरमध्ये (चुंबकी क्षेत्रात अणुकेंद्रं ओळखणाऱ्या प्रयोगात) ते दिसलंही. हा पिंजरा आणि शेवटी उरणारा निबर बोरॉन, दोघं मिळून परतीची वाट अडवतात. गुऱ्हाळावर रसाचा गूळ होतो, गुळाचा रस परत कोण करून देणार? इथं करतात, पण 600 अंश आणि 350 बार लागतात. घरातल्या सिलिंडरवाल्याला विचारा 350 बार म्हणजे काय!

म्हणून प्रकल्पात दोन्ही वाटा ताडून बघा: थेट विघटन आणि पिंजऱ्यामार्गे. तापमानाप्रमाणे कुठली ऊर्जेत स्वस्त पडते त्याचा एक आलेख काढा. एमएस्सीला तेवढं भरपूर झालं. जस्ताचं बोरोहायड्राइड कमी तापमानाला फुटतं म्हणून कुणी सुचवेल, पण त्यातून डायबोरेन हा विषारी वायू निघतो आणि बोरॉनच उडून जातो.

आज रात्री एवढंच करा: हायड्रोजनचा एक रेणू मोठ्या रिकाम्या खोक्यात ठेवून बंधाची लांबी काढा. 0.75 अँगस्ट्रॉमच्या आसपास आली की मगच लिथियमकडे वळा.