देवराईतली काडी आणि ग्रीनफर्डचे बीव्हर

प्रिय पिल्लू,

परवा आजी व्हिडिओ कॉलवर म्हणाली ना, की देवराईतली वाळकी काडीसुद्धा चुलीला आणायची नाही, आणि फोन ठेवल्यावर तू विचारलंस की एका काडीसाठी देव खरंच रागावतो का, आणि मग इथे इंग्लंडमधे देवराई का नाही? झोपायच्या वेळी एवढं सगळं सांगणं होत नाही म्हणून लिहून ठेवतेय. शनिवारच्या मराठी शाळेमुळे तुला आता वाचता येतंय, अडलं तर विचार.

देवराई म्हणजे गावाने देवाच्या नावाने सोडलेलं रान. कुठे काळकाईचं, कुठे वाघजाईचं, कुठे म्हसोबाचं. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, शिकार करायची नाही, आणि अगदीच गरज पडली तर देवीला कौल लावून विचारायचं. देव रागावतो का ते मी तुला सांगू शकत नाही, आजीची श्रद्धा मनापासूनची आहे आणि मला तिचा आदर आहे. पण तो नियम काय करतो ते बघ. आज वाळकी काडी चालते म्हटलं की उद्या फांदी चालते, परवा कोणीतरी आख्खं झाड नेतो, आणि मग थांब म्हणायचं कुठे आणि कोणी? म्हणून आपल्या लोकांनी थेट काडीपाशीच रेघ मारली. शिवाय ती काडी तिथेच कुजते, तिच्यावर अळंबी येतात, किडे येतात, माती भुसभुशीत होते आणि पाणी धरून ठेवते. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे दोघं शास्त्रज्ञ देवरायांचा अभ्यास करत हिंडत होते, तेव्हा श्रीवर्धनजवळच्या गाणी गावच्या लोकांनी आमची राई तोडतायत, वाचवा म्हणून मदत मागितली होती, कारण गावाला बारा महिने पाणी देणारा ओढा त्या राईतूनच यायचा. म्हणजे लोकांना पक्कं माहीत होतं आपण काय राखतोय. सगळ्या राया टिकल्या असं मात्र नाही हं, काही ठिकाणी देवळाचा जीर्णोद्धार म्हणून झाडं पाडली आणि सिमेंट ओतलं, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता इथलं. इथेही देवाच्या अंगणात झाडं राखलेली आहेत, जुन्या चर्चच्या आवारात यूची झाडं असतात ना ती. स्कॉटलंडमधे फोर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारातलं यू तर निदान दोन हजार वर्षांचं असावं म्हणतात. पण जंगलं आणि पाणथळ जागा इथल्या लोकांनी खूप गमावल्या, प्राणीसुद्धा. बीव्हर घे, पाण्याकाठी राहणारा, मोठ्या दातांनी झाडं कुरतडणारा प्राणी. कातड्यासाठी, मांसासाठी मारून मारून साधारण चारशे वर्षांपूर्वी ब्रिटनमधून संपवले.

आणि ते परत आलेत, तेही लंडनमधल्या आपल्या ग्रीनफर्डला! ऑक्टोबर २०२३ मधे स्कॉटलंडहून पाच बीव्हरचं एक कुटुंब आणून पॅराडाइज फील्ड्स नावाच्या पाणथळ रानात सोडलं, आपण शॉपिंगला जातो त्या वेस्टवे क्रॉसच्या अगदी शेजारी, आणि २०२४ मधे त्यांना पिल्लंही झाली. ते विलोच्या झाडाच्या फांद्या कुरतडतात, ओढ्यावर बांध घालतात, मग पाणी एकदम पुढे धावत नाही, पसरतं, मुरतं, ती सगळी जागा स्पंजसारखी होते. जोराच्या पावसात ग्रीनफर्ड स्टेशनच्या बाजूला पाणी भरायचं ना, त्यासाठी हे बांध कामाचे. विलो तोडला तरी बुडाशी नवे धुमारे फुटतात. मासे मात्र ते खात नाहीत, तुला वाटलं होतं तसं नाही, पाला आणि साल खातात.

पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. हे नुसतं कौन्सिलने केलेलं नाही. ईलिंग वाइल्डलाइफ ग्रुप, फ्रेंड्स ऑफ हॉर्सेन्डन हिल, म्हणजे आपल्यासारखीच आजूबाजूला राहणारी माणसं, सिटिझन झू या संस्थेबरोबर, नोकरी सांभाळून, चिखलात उतरून हे करतात, लोकांना बीव्हर दाखवायला नेतात. मार्च २०२५ मधे तर डॉर्सेटला पर्बेकमधे नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने सरकारी परवानगी घेऊन बीव्हर कुंपणाशिवाय मोकळे सोडले, इंग्लंडमधे असं पहिल्यांदाच झालं.

तर देवराई इथे का नाही, याचं माझं उत्तर असं की तयार मिळालेली फारशी उरलेली नाही, पण लोक ती नव्याने राखायला लागलेत. आपल्याकडे देवीच्या धाकाने आणि मायेने राखलं, इथे शेजारीपाजारी एकत्र येऊन राखतायत, आणि मला दोन्ही तितकंच मोलाचं वाटतं. तू दोन्हीकडची आहेस, त्यामुळे तुला दोन्ही माहीत असायला हवं.

पुढच्या वीकेंडला संध्याकाळी जाऊया, बीव्हर तेव्हाच बाहेर पडतात. दिसतीलच असं नाही, पण कुरतडलेले बुंधे आणि बांध नक्की दिसतील. वेलीज (गमबूट) घाल, दुर्बीण मी घेते, आणि मुलांना तिथे काय मदत करता येते ते तूच त्या लोकांना विचार.

तुझी आई