आधी नाव, मग रेट

अरे, तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोपच उडाली. मुंबईची कंपनी वर्षभराची ऑर्डर देतीय, अॅडव्हान्स देतीय, फक्त चपलेवर शिक्का त्यांचा, तुमचं नाव नाही की कोल्हापूरचं नाही, आणि तू मला विचारतोस यात बिघडलं काय. डिझाइन शिकून आलेला पोरगा तू, तुला गोड बोलून काय करू. नाव नसेल तर करू नको.

इटलीच्या त्या प्राडा फॅशन कंपनीचा दाखला दिलास, की त्यांनी तरी आधी कुठं नाव घेतलं होतं, शेवटी करार झालाच ना. झाला, पण कसा झाला ते बघ की. जून 2025 ला त्यांच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल नुसती लेदर सँडल म्हणून आली. इथं बोंब झाली, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेनं पत्र धाडलं, तेव्हा कुठं त्यांनी आपल्या चपलेचं ऋण मान्य केलं. हायकोर्टात जनहित याचिका गेली तर ती फेटाळली, जीआय, म्हणजे गावाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालाची सरकारी नोंद, ती ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं म्हणाले. आणि डिसेंबरात करार कुणाशी झाला? आपलं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, दोन्ही सरकारी चामडे महामंडळं, कारण 2019 चा जीआय या दोन महामंडळांच्या नावावर आहे. 2,000 जोड करायचे ठरले, एकाला साधारण 800 युरो. कागदावर नाव होतं म्हणून त्यांना टेबलावर खुर्ची मिळाली, बाकी आपण सगळे बाहेर तळमळत बसलो. अजून काय पुरावा पाहिजे तुला?

आणि जीआय आहे म्हणून निवांत राहू नको. त्यात कारागिराचं नाव आपोआप चढत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. तुझ्या बाबांची झालीय? नसेल तर ऑर्डर राहू दे, आधी ते कर.

आमचे अण्णा कापशी, कोल्हापुरीतलाच एक प्रकार, करायचे. हिरडा आणि बाभळीची साल यांत कमावलेलं कातडं, खिळा एक नाही, शिवण चामड्याच्याच वादीची, चपलेवरची चामड्याची वेणी आई घालायची. माल व्यापारी उचलायचा, मोठमोठ्या शोरूमला जायचा, पण अण्णा गेले तोवर एका जोडावर त्यांचं नाव पडलं नाही. आईचं तर कुणी विचारलं पण नाही. ते मला अजून सलतं. म्हणून पुढं एक एक्स्पोर्टवाला असाच बिननावाची ऑर्डर घेऊन आला तेव्हा मी नाही म्हणालो, घरात भांडणं झाली, मेहुणे बोलायचे बंद झाले. लोक म्हणतात हट्टापायी धंदा लहान राहिला. राहिला तर राहिला, पण आज पुण्याहून फोन येतो तो माझ्या नावानं येतो, मधल्या कुणाच्या नाही, आणि मी केलं ते बरोबरच केलं.

बाबांच्या औषधाचा खर्च मला माहितीय, पैशाला नावं ठेवत नाही मी. चामड्यासाठी अडलं तर माझ्याकडून घेऊन जा, सवडीनं दे. पण कंपनीला आजच मेल टाक, आतल्या तळावर कारागिराचं नाव आणि गाव पाहिजे, वेणी घालणारीचं पण, आणि हे करारात लिहून पाहिजे, तोंडी नको. रेटमध्ये थोडं खाली ये हवं तर, यात येऊ नको. ते काय म्हणतात ते कळव, आणि सही करायच्या आधी कागद घेऊन रविवारी दुकानात ये, दोघं बसून ओळ न् ओळ वाचू.