मे महिन्यात कोण कुठं होतं?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडूनही विलासराव मुख्यमंत्रिपदी टिकले आणि २००१ च्या भूज भूकंपानंतर त्याच वर्षी गुजरातचे मुख्यमंत्री केशुभाई पटेल यांना जावं लागलं. मग आपत्तीनंतर कुणाची सत्ता जाते, याचा नियम काय, म्हणतेस. नियम शोधत बसू नकोस. विलासराव गेले ते २००८ मध्ये, दहशतवादी हल्ल्यानंतर, आणि २००९ ला आघाडी त्यांचीच परत आली. केशुभाईंवर मदतकार्यावरून नाराजी होतीच, पण पक्ष पोटनिवडणुकाही हरला होता. खुर्चीचे पाय आधीच किती कुजलेत ते बघायचं. म्हणून मी एकच विचारतो: पावसाआधी, तयारीच्या मे महिन्यात कोण कुठं होतं?

नवी मुंबईचे धारण तलाव बघून ये. इथली बरीच जमीन खाडीच्या भरतीपेक्षा खाली, म्हणून सिडकोनं ते ठेवले. भरती असेतो पावसाचं पाणी तिथं साठवायचं, ओहोटी लागली की झडपांतून खाडीत सोडायचं. आता त्यात गाळ साचलाय, गाळावर कांदळवन उगवलंय. ते काढायचं तर परवानगी हवी, आणि फाईल फिरत राहते. फाईलमागे धावणाऱ्याचा फोटो कोण काढतंय? जुलैत गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःच्या चेहऱ्याचं स्टिकर लावलेले बिस्किटपुडे वाटणाऱ्याचा मात्र हमखास येतो.

हीली आणि मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतले आकडे मांडून दाखवलंय, की मतदार नंतरच्या मदतीला मत देतो, आधीच्या तयारीला नाही. हे तू माझ्याच तोंडावर फेकशील, माहितीये. मग ओडिशाही वाच. १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली, मुख्यमंत्री गिरिधर गमांग यांचं पदही गेलं. नवीन पटनायकांच्या काळात निवारे उभे राहिले, २०१३ च्या फायलीन चक्रीवादळाआधी सुमारे १० लाख लोक हलवले. ते २०२४ पर्यंत मुख्यमंत्री राहिले. फक्त त्यामुळे नाही, कबूल. पण मे महिना, बाई, मे महिना!

पाण्यातल्या पुढाऱ्याचा फोटो मी बातमीला कधीच जोडला नाही. संपादकांशी वाजलं, बढती अडली, घरी बोलणी खाल्ली. धारण तलावांवरचं कुणी वाचलं नाही, ही खंत आहेच. तरी पुन्हा तेच करीन. हट्टी म्हण हवं तर.

तुझ्या वॉर्डातल्या नालेसफाईचं बिल कधी निघालं, गाळ कुठं टाकला, वजनकाट्याच्या पावत्या कुठायत, ते आधी काढ. सत्ताबदलाचं भाकीत नंतर लिही. आणि तुझ्या लेखातला तो ‘भावुक मतदार’वाला परिच्छेद आजच उडव.

— काका