सीझन संपल्यावर कोणाला शिकविणार? योगशिक्षिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या आईस उत्तर

प्रश्न : आम्ही गोव्यात पेडणे तालुक्यात राहतो. माझी मुलगी बावीस वर्षांची असून बी.कॉम. झाली आहे. गेले दोन सीझन ती मांद्रे येथील एका योग रिट्रीटमध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या निवासी योग केंद्रात, रिसेप्शनवर कामाला होती आणि तिथेच तिला योगाची गोडी लागली. आता तिला नोकरी सोडून २०० तासांचा योगशिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रम करायचा आहे. तो पंचवीस दिवसांचा, निवासी आहे व फी दीड लाख रुपये आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे, बँकेच्या परीक्षा दे. योग शिकवून पोट भरता येते का? आणि किनाऱ्यावरच्या त्या वातावरणात मुलीला ठेवावे का? (एक आई, पेडणे)

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपण मनातली काळजी मोकळेपणाने लिहिलीत, त्यामुळे मलाही स्पष्ट लिहिता येईल. योग शिकवून पोट भरता येते. परंतु महिनाभरात मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या बळावर ते भरत नाही, आणि ते प्रमाणपत्र हातात आले म्हणजे आपण शिक्षिका झालो असे मुलीनेही समजू नये. माझा सल्ला असा आहे की तिला अडवू नका, मात्र हा अभ्यासक्रम निदान एक वर्ष पुढे ढकला. ते वर्ष कसे घालवावे आणि का, हे सविस्तर लिहिते.

योग शिकविण्याकडे माणसे कशी वळली हे पाहू लागले की एक गोष्ट वारंवार दिसते. पुष्कळांना योगाची गरज आधी स्वतःसाठी पडली आणि शिकविणे नंतर, कित्येकदा दुसऱ्याच्या सांगण्यावरून, वाट्याला आले. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार लहानपणी क्षय, हिवताप आणि विषमज्वराने खंगलेले होते. १९३४ मध्ये ते म्हैसूरला बहिणीच्या घरी गेले, तेथे मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे त्यांचा अभ्यास सुरू झाला, आणि १९३७ मध्ये गुरूंनी सहा महिन्यांसाठी त्यांना पुण्यात शिकवायला पाठविले तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. मराठी येत नव्हते, समोरचे विद्यार्थी अंगापिंडाने त्यांच्याहून दणकट होते, आणि त्यांच्यासमोर उभे राहता यावे म्हणून त्यांना स्वतःचा अभ्यास तासन्‌तास वाढवावा लागला. सहा महिन्यांसाठी आलेला तो तरुण पुढे पुण्याचाच झाला. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांना बालपणी मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला होता. त्यातून सावरताना केलेल्या साधनेच्या पायावर स्त्रियांच्या शरीराचा, मासिक पाळीचा, गरोदरपणाचा विचार करून शिकविणारी शिक्षिका घडली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांची वाट आणखी निराळी. बडोद्याला प्रा. माणिकरावांच्या आखाड्यात ते व्यायाम शिकले, नर्मदाकाठी मालसर येथे माधवदासजी महाराजांकडे योग शिकले, योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडते हे क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून पाहिले आणि मग १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन केली.

आपल्या मुलीला ही गोडी रिसेप्शनवर बसता बसता लागली यात कमीपणा काही नाही. आपल्या किनारपट्टीवरची कितीतरी मुले याच दारातून आत आली आहेत. प्रश्न एवढाच की गोडी साधनेपर्यंत पोचली आहे का. रिट्रीटमध्ये सकाळी सुंदर मंडप असतो, समोर समुद्र असतो, आजूबाजूला वीस जण आसने करीत असतात, तेव्हा आपणही करावे असे कोणालाही वाटेल. सीझन संपला, पाहुणे गेले, पाऊस कोसळू लागला, घरात पाहुण्यारावळ्यांची ये-जा सुरू झाली, तरी ती पहाटे उठून चटई अंथरते का? तिचा उजवा खांदा आखडतो की डावा, हे ओळखणारा एखादा शिक्षक तिला आहे का? याची उत्तरे आपल्याला घरात बसूनच मिळतील, कारण आई म्हणून आपण ते रोज पाहत आहात.

आता त्या २०० तासांविषयी. हा आकडा सर्वत्र रूढ झाला तो योगा अलायन्स या अमेरिकेतील संस्थेमुळे. ही संस्था स्वतः कोणाची परीक्षा घेत नाही. ती प्रशिक्षण देणाऱ्या शाळांची आणि तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांची नोंदणी करते. परदेशी पाहुण्यांना हा शिक्का ओळखीचा असतो, म्हणून रिट्रीटवाले तो मागतात आणि त्या कामापुरता त्याचा उपयोग निश्चित आहे. परंतु हिशेब करून पाहा : पंचवीस दिवसांत २०० तास म्हणजे रोज आठ तास, तेही सुट्टीशिवाय. इतक्या वेगात आसनांची नावे पाठ होतात, शरीररचनेची तोंडओळख होते, पातंजल सूत्रांवर चार व्याख्याने ऐकून होतात. पण थकलेल्या शरीरात ते मुरत नाही. ज्याची आधीची दोन-चार वर्षांची साधना आहे त्याला असा महिना दिशा देतो, आणि ज्याची नाही त्याला तो दमवून सोडतो.

शिकविणे म्हणजे नेमके काय, हे एका आसनावरून सांगते. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकण्याच्या आसनात, बहुतेक नवशिके पायाचे अंगठे पकडण्याच्या हट्टापायी पाठीला पोक काढतात, मान खाली खेचतात आणि श्वास रोखून धरतात. जाणती शिक्षिका अंगठ्यांकडे पाहत नाही. ती पाहते की जबडा आवळला आहे का, पोट श्वासाबरोबर हलते आहे का. मग घडी घातलेली चादर बैठकीखाली सरकवते, गुडघे थोडे वाकवू देते, कमरेपासून पुढे यायला सांगते, आणि कमरेच्या मणक्यातली चकती सरकलेली असेल तर ते आसन करूच देत नाही. रक्तदाब वाढलेल्याला दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) द्यायचा नाही, काचबिंदू असलेल्याला शीर्षासन द्यायचे नाही, गरोदर स्त्रीला कपालभाती द्यायची नाही, हे कागदावर एका संध्याकाळी पाठ होते. मात्र वर्गात आलेली बाई स्वतःहून आपले दुखणे सांगत नाही; तिला ते विचारावे कसे आणि न सांगितले तरी ओळखावे कसे, हे अनुभवी शिक्षकाच्या शेजारी उभे राहूनच कळते. म्हणून येत्या वर्षात मुलीने एका शिक्षकाकडे नियमित शिकावे आणि त्याच्याच वर्गात मदतनीस म्हणून राहावे, पगार न मिळाला तरी.

या वर्षात एक परीक्षा तिने जरूर द्यावी. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयांतर्गत योग प्रमाणन मंडळ आहे. त्याच्या पायऱ्यांपैकी योग प्रोटोकॉल प्रशिक्षक आणि त्यापुढची योग वेलनेस प्रशिक्षक या दोन तिच्या आवाक्यातल्या आहेत. लेखी आणि प्रात्यक्षिक अशी दोन्ही अंगे त्यात असतात. डॉक्टर वा वकिलाप्रमाणे योग शिकविण्यासाठी आपल्याकडे परवाना बंधनकारक नाही, हे खरे. पण शाळा, पंचायत किंवा सरकारी कार्यक्रमात हे प्रमाणपत्र उपयोगी पडते आणि त्या दीड लाखाच्या फीच्या मानाने ते खूपच स्वस्त पडते. त्यानंतर मन टिकून राहिले तर माझी पसंती कैवल्यधामच्या पदविका अभ्यासक्रमाला आहे, कारण तेथे शास्त्र, ग्रंथ आणि अध्यापन यांना पुरेसा वेळ मिळतो. मुंबईत सांताक्रूझ येथील, १९१८ मध्ये स्थापन झालेली योग इन्स्टिट्यूट हाही चांगला पर्याय आहे. पदवीधर असल्यामुळे योग विषयात एम.ए. करण्याची वाटही तिला खुली आहे आणि योग हा नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा विषय असल्याने महाविद्यालयात शिकविण्यापर्यंत ती जाते. निसर्गोपचार व योगशास्त्राच्या बी.एन.वाय.एस. या पदवीसाठी मात्र बारावीला विज्ञान लागते, तेव्हा तो विचार सोडून द्यावा.

आता पोटापाण्याचे. आपल्याकडे रिट्रीटचा व्यवसाय नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत एकवटलेला असतो. मोरजीपासून हरमलपर्यंत त्या दिवसांत शिक्षकांची रीघ लागते; देशोदेशींहून आलेले, दहा-पंधरा वर्षे शिकविलेले लोक त्यात असतात आणि नव्या मुलीला त्यांच्या शेजारी उभे राहायचे असते. मग पावसाळ्यापूर्वी किनाऱ्यावरची शॅक म्हणजे तात्पुरती उपाहारगृहे उतरतात, हंगामी झोपड्या उतरतात आणि ते उत्पन्न थांबते. जी शिक्षिका फक्त या पाच महिन्यांवर विसंबते तिला उरलेल्या सात महिन्यांत दुसरी नोकरी शोधावी लागते, आणि दोन-तीन वर्षांत ती कंटाळून हा व्यवसायच सोडते. म्हणून मुलीला मी एकच प्रश्न विचारीन : जुलैमध्ये तू कोणाला शिकविणार?

जुलैमध्ये शिकणारी माणसे आपल्या गावातच आहेत. गुडघे धरलेल्या गृहिणी, निवृत्त शिक्षक, मधुमेहाची गोळी नुकतीच सुरू झालेले दुकानदार, दिवसभर संगणकासमोर बसून मान आखडलेली पणजीची नोकरदार मंडळी. त्यांना समुद्राचा देखावा नको असतो. त्यांना आपल्या भाषेत, मराठी-कोकणीत, समजावून सांगणारी, आपल्या घराण्याला ओळखणारी, वेळेवर येणारी शिक्षिका हवी असते. अशा वर्गाची फी परदेशी पाहुण्यांच्या तुलनेत थोडी असते, पण ती बारा महिने येते, आणि चांगल्या शिक्षिकेचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात आपोआप पोचते. देवस्थानचे सभागृह, पंचायतीची खोली किंवा पावसात कोरडी राहणारी घरची पडवीही सुरुवातीला पुरते. २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिनही पावसाळ्याच्या सुरुवातीलाच येतो आणि त्या सुमारास शाळांना व मंडळांना सामान्य योग प्रोटोकॉल, म्हणजे योग दिनासाठी ठरवून दिलेला आसन-प्राणायामांचा क्रम, घेणारी माणसे हवी असतात. ओळख होण्याची ती उत्तम संधी आहे. स्थानिकांचे असे दोन वर्ग पक्के झाले म्हणजे सीझनमधले रिट्रीटचे काम ही वरकमाई ठरते, आणि मग तिला कोणाच्याही अटी मुकाट मान्य कराव्या लागत नाहीत.

वातावरणाविषयीची आपली काळजी मी हलकी मानत नाही. चांगल्या जागा आहेत, तशा वाईटही आहेत. अभ्यासक्रम निवडताना शिकविणारे कोण आहेत व ते स्वतः किती वर्षे शिकवीत आहेत, एका तुकडीत किती जण असतात, अर्ध्यावर सोडल्यास फीचे काय, हे लेखी विचारावे. आसन दुरुस्त करताना शिक्षक शरीराला हात लावण्यापूर्वी परवानगी घेतात की नाही, हे मुलीने एक-दोन वर्गांत बसून स्वतः पाहावे. जेथे परवानगी घेत नाहीत आणि विचारल्यावर ‘समर्पण’ वगैरे शब्द ऐकवतात, तेथे एक दिवसही राहू नये. एवढी पारख तिला आली की किनाऱ्यावर काम करण्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

तिच्या वडिलांचे म्हणणेही ऐकावे. बँकेच्या परीक्षांची तयारी आणि सकाळ-संध्याकाळची साधना एका वर्षात सहज एकत्र बसते. वयोमर्यादेला अजून अवकाश आहे आणि बी.कॉम.चा हिशेब स्वतःचा वर्ग चालवितानाही उपयोगी पडतो. दीड लाख रुपये मुदत ठेवीत ठेवा, तिच्या नावावर ठेवा, म्हणजे हा पैसा तिच्याच शिक्षणासाठी आहे हे तिला दिसेल आणि आपण तिच्या आड येत आहोत असे वाटणार नाही. दरम्यान त्या २०० तासांच्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक मला पाठवावे. त्यात प्रत्यक्ष शिकविण्याच्या सरावाला किती तास दिले आहेत आणि तो सराव कोणाच्या देखरेखीखाली होतो, हे पाहून पुढील पत्रात माझे मत कळवीन.

आपली,
करिअर मार्गदर्शक