रबराच्या शीटचं ॲसिड हातावर सांडलं तर?

प्रश्न : दोडामार्गजवळ आमची रबराची बाग आहे. चीक गोठवण्याचं ॲसिड पातळ करताना यजमानांच्या मनगटावर उडालं, फोड आले. काय काळजी घ्यावी?

उत्तर : ताई, हे फॉर्मिक ॲसिड. बाजारात ते साधारण 85 टक्के तीव्रतेचं मिळतं, तेवढं कातडी जाळायला पुरे. आधी बादलीत एक लिटर पाणी घ्या, मग त्यात 10 मिली ॲसिड हळूहळू सोडा. उलटं कधीच करू नका. ॲसिडवर पाणी पडलं की उष्णतेने ते उसळतं. नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) लांब हातमोजे आणि बंद चष्मा हवाच. पँट गमबुटाच्या आत खोचू नका, बाहेर सोडा, नाहीतर ओघळ थेट बुटात उतरतो.

उडालंच तर कपडे, बांगड्या, घड्याळ काढून 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. चुना, सोडा, टूथपेस्ट लावू नका. डोळ्यात गेलं तर तसंच धुऊन लगेच दवाखाना गाठा. फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवाच.

आणि कळकळीची विनंती, हे ॲसिड पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. ते पाण्यासारखंच दिसतं. चुकून प्यायलं गेलं तर उलटी न करवता ताबडतोब रुग्णालयात न्या.