एकदम पंचवीस जखमी आले तर? परिचारिकांचे प्रश्न

आमचं ग्रामीण रुग्णालय महामार्गालगत आहे. बस उलटली आणि ड्यूटीवर दोघीच सिस्टर असल्या, तर सुरुवात कोणापासून करायची?

ओरडणाऱ्यापासून नको, त्याचा श्वास चालू आहे. "ज्यांना चालता येतं त्यांनी व्हरांड्यात चला," असं मोठ्याने सांगा. ते हिरवे, म्हणजे सर्वात शेवटी पाहायचे; त्यांच्याजवळ एक मावशी उभी करा. उरलेल्यांना प्रत्येकी अर्धा मिनिट. श्वास नसेल तर मान न हलवता जबडा पुढे उचला. श्वास आला तर लाल पट्टी (उपचार सर्वात आधी), नाही आला तर काळी (मृत धरा). श्वास मिनिटाला ३० च्या वर, मनगटाची नाडी लागत नाही किंवा "माझा हात दाबा" म्हटलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल. बाकीचे पिवळे, म्हणजे लालनंतरचे. श्वास नसलेल्या लहान मुलाची नाडी लागत असेल तर आधी ५ श्वास द्या, मग पट्टी ठरवा.

या फेरीत वाहतं रक्त दाबायचं, पण सलाईन लावत बसायचं नाही. हमखास चूक होते ती इथेच: हात सवयीने शिरेकडे जातो आणि चौथ्या स्ट्रेचरवरचा तोवर गुदमरतो. फेरी संपली की पिवळे पुन्हा तपासा. पोटात रक्तस्राव असेल तर पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.

सेंट्रल ऑक्सिजन बंद पडला तर छोटा सिलिंडर किती वेळ पुरतो?

बी टाइप (छोटा) सिलिंडर पाण्याच्या मापाने १० लिटर क्षमतेचा असतो; ऑक्सिजन त्यात दाबून भरलेला असतो. दाबाच्या काट्यावरचा आकडा (बार किंवा किलो/सेमी², पीएसआय नव्हे) गुणिले १० म्हणजे उरलेले लिटर. काटा ६० वर असेल तर ६०० लिटर; मिनिटाला १० लिटरने तासभर, पण पाऊण तासच धरा. काटा व्हॉल्व्ह उघडूनच वाचा, बंद असताना अडकलेला दाब फसवतो. आणि चावी सिलिंडरलाच साखळीने बांधा.

भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीनंतर आमच्या नवजात कक्षात अग्निशामक नळकांडी आली. तेवढं पुरे का?

नाही. ९ जानेवारी २०२१ च्या त्या आगीत १० बाळं गेली. अशा कक्षात ज्वाळेइतकाच धूर मारतो. व्हेंटिलेटरवरच्या बाळांना अॅम्ब्यू बॅगवर (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीवर) घ्या, मग लगेच कक्षाचा ऑक्सिजन व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे, हे रात्रपाळीच्या प्रत्येकीने स्वतः हात लावून पाहिलेलं हवं. बाळं त्याच मजल्यावर, दाराआडच्या शेजारच्या वॉर्डात न्या, जिना नंतर. निघताना दार ओढून घ्या. बाहेर पोचल्यावर बाळं मनगटाच्या पट्टीवरून मोजा, आणि दुसऱ्या सिस्टरकडून पुन्हा मोजून घ्या.