बाराशेची शंका, नऊ हजारांचा भरवसा

प्रश्न : माझं वय ३४. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडली आणि एकटाच एक व्हिडिओ गेम बनवतोय. चार महिन्यांनी तो स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात येईल, किंमत १५ डॉलर. स्टोअरमध्ये दिसणारं थंबनेल मीच बनवलंय, सोबत जोडतो. नऊ महिन्यांत १,९०० विशलिस्ट झाल्या, म्हणजे एवढ्या लोकांनी ‘आला की बघू’ म्हणून गेम आपल्या यादीत टाकलाय. एका चित्रकाराने नवं चित्र, लोगो आणि सगळी मापं मिळून १,२०० डॉलर सांगितलेत. मित्र म्हणतो, एआयकडून फुकट होईल. हा खर्च करावा का? घर पत्नीच्या पगारावर चालतं. महिन्याला २,६०० येतात, २,२०० जातात. बँकेत ५,००० आहेत. शिवाय एक मार्केटिंग एजन्सी ९,००० डॉलरमध्ये २०,००० विशलिस्टची हमी देते. त्यासाठी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचं कर्ज मंजूर झालंय, पत्नी जामीन आहे. निम्म्यांनी जरी गेम घेतला तरी दीड लाख डॉलर होतात, त्यामुळे फेडीची चिंता नाही. टर्म विम्याचा (मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या) हप्ता गेल्या वर्षी थांबवला, कारण त्यातून काही परत मिळत नव्हतं. १५० डॉलर हप्त्याची बचतीची पॉलिसी (विमा २०,०००) मात्र चालू ठेवली आहे.

उत्तर : स्टोअरचा हिशेब डॉलरमध्ये होतो आणि तुम्हीही सगळे आकडे डॉलरमध्येच दिलेत, तेव्हा मीही तसंच करतो.

तुमचं पत्र मूळचं चार पानांचं आहे. त्यातली तीन पानं चित्राच्या बाराशे डॉलरवर खर्ची पडलीत आणि नऊ हजारांचं कर्ज पाच ओळींत उरकलंय. ज्या खर्चाबद्दल शंका घ्यायला फारशी जागा नाही तिथे तुम्ही घासाघीस करताय, आणि जिथे खडखडीत शंका घ्यायला हवी तिथे ‘चिंता नाही’ म्हणताय.

आधी एक प्रत विकली की तुमच्या हातात काय पडतं ते बघू. किंमत १५. सुरुवातीची सवलत, वेगवेगळ्या देशांतल्या कमी किमती आणि तिथले कर धरले तर सरासरी १० आले तरी छान. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करता येतो. दहातली एक प्रत परत गेली असं धरा, उरले ९. त्यातले ३० टक्के स्टीमचे. उरले सहा डॉलर आणि काही सेंट. पुढचा सगळा हिशेब सहाने करतो.

आता कर्ज. नऊ हजार, १४ टक्के, तीन वर्षं : हप्ता साधारण ३०० आणि एकूण फेड ११ हजार. सहाने भागा, साडेअठराशेच्या आसपास प्रती. म्हणजे हे पॅकेज घेतलं नसतं तर ज्या विकल्या गेल्या नसत्या अशा साडेअठराशे प्रती खपल्या, तर तुम्ही जिथे आज आहात तिथेच परत येता. विशलिस्टमधल्या दहांतला एक जण सुरुवातीच्या काही महिन्यांत गेम विकत घेतो असं मी धरतो, आणि हे माझं औदार्य समजा. त्या हिशेबाने एजन्सीच्या वीस हजारांतली जवळजवळ प्रत्येक विशलिस्ट खऱ्या, खेळू इच्छिणाऱ्या माणसाची असेल तरच मुद्दल आणि व्याज कसंबसं निघेल. नफा शून्य. ‘निम्मे घेतील’ हा आकडा तुम्हाला कोणी दिला ते पत्रात नाही, पण ज्यांना पॅकेज विकायचंय त्यांनीच दिला असावा असा माझा कयास आहे.

मुळात विशलिस्टची हमी देता येते, कारण विशलिस्टला पैसे पडत नाहीत. बटण कोणीही दाबतं. फुकट भेटवस्तूंच्या सोडतीत नाव यावं म्हणून दाबतात, भाडोत्री खात्यांवरून दाबतात. गेम आला की स्टीम या सगळ्यांना ईमेल पाठवेल आणि तो कोणी उघडणार नाही. एजन्सीला एक ओळ लिहून बघा : आगाऊ काही देणार नाही, विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे तुम्ही दोन डॉलर घ्या. उत्तर काय येतं त्यावरून त्यांचा स्वतःच्या हमीवर किती विश्वास आहे ते कळेल. अशा हमीची पॅकेजं मी विम्यात पाहिली, जमिनीत पाहिली. आता गेममध्ये पाहतोय.

वेळेचंही गणित चुकतंय. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होईल. गेम चार महिन्यांनी येणार, आणि एका महिन्याच्या विक्रीचे पैसे स्टीम पुढच्या महिन्याच्या अखेरीस देतं. गेमचा पहिला डॉलर हातात येण्याआधी पाच हप्ते, म्हणजे दीड हजार, पत्नीच्या पगारातून गेलेले असतील. महिन्याला शिल्लक राहतात ४०० आणि हप्ता ३००.

तुम्ही न विचारलेली आणखी एक गोष्ट आहे. टर्म विमा बंद केला, बचतीची पॉलिसी ठेवली. नेमकं उलटं करायला हवं होतं. वीस हजारांचा विमा म्हणजे तुमच्या घराचा नऊ महिन्यांचा खर्च. ‘काही परत मिळत नाही’ म्हणून टर्म विमा सोडणारे लोक गाडीचा अपघात झाला नाही म्हणून हळहळत नाहीत, एवढं मात्र मी वर्षानुवर्षं बघतोय. पण खरी अडचण वेगळीच आहे. घरात कमावणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे तुमची पत्नी, आणि त्यांच्या विम्याबद्दल चार पानांत एक अक्षर नाही. पहिला टर्म विमा त्यांचा, दुसरा तुमचा. वय आणि प्रकृती ठीक असेल तर दोन्ही मिळून त्या दीडशेच्या आत बसायला हरकत नाही. बचतीच्या पॉलिसीची सरेंडर व्हॅल्यू (आज बंद केली तर हातात येणारे पैसे) आणि पेड-अप रक्कम (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर उरणारा विमा), दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. एजंटकडून नको. नवे विमे हातात आल्यावरच तिचा निकाल लावा.

आता तुमचा प्रश्न. बाराशे भागिले सहा : दोनशे जादा प्रती. दहास एक धरला तर दोन हजार जादा विशलिस्ट. सध्या महिन्याला २१० येतात. चार महिन्यांत चित्राचा खर्च भरून निघायचा तर त्या ७१० व्हायला हव्यात. तिपटीहून जास्त. नुसत्या चित्राने एवढं होईल असं मी म्हणणार नाही. पण चित्र चार महिन्यांत संपत नाही. पुढच्या प्रत्येक सेलमध्ये, प्रत्येक यादीत तेच उभं राहणार. म्हणून खर्च योग्य आहे, फक्त आकडा मोठा आहे.

खर्च करण्याआधी एक फुकटचं काम. स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या पानांवर, इम्प्रेशन किती (थंबनेल किती वेळा दिसलं) आणि त्यातून तुमच्या गेमच्या पानावर आले किती, हे दिसतं. थंबनेलची जबाबदारी तिथपर्यंतच. चित्र भरपूर दिसूनही लोक आत येत नसतील तर दोष चित्राचा. येऊन, बघून, विशलिस्ट न करता परत जात असतील तर दोष ट्रेलरचा आणि स्क्रीनशॉटचा, आणि मग बाराशे काय, बारा हजार घातले तरी उपयोग नाही.

तुमचं थंबनेल मी बघितलं. मी चित्रकार नाही. पण गिऱ्हाईक म्हणून बघायला चित्रकार असावं लागत नाही. गडद निळी रात्र, काळा दीपस्तंभ, पाच पात्रं आणि नावाची अक्षरं दोऱ्यासारखी. स्टीमचं पान आधीच गडद निळं, त्यात तुमची रात्र विरघळून जाते. थंबनेलचं छोटं रूप काही ठिकाणी १२० × ४५ पिक्सेल एवढंच दिसतं. तेवढं करून हात लांब धरून बघा : दीपस्तंभ खांबासारखा दिसतो आणि नाव वाचताच येत नाही. कोपऱ्यात पुरस्काराची माळ आहे, ती काढाच. १ सप्टेंबर २०२२ पासून या चित्रांवर गेमचं नाव आणि उपशीर्षक याखेरीज मजकूर, पुरस्कार, परीक्षणातले गुण काहीही चालत नाही.

चित्रकाराला सांगा : एकच पात्र, मागे दिव्याचा उजेड, जाड अक्षरांत नाव. एक आडवं चित्र, एक उभं आणि लोगो एवढंच मागा. थर वेगळे असलेली फाइल, पारदर्शक पार्श्वभूमीवरचा लोगो आणि व्यावसायिक वापराचे हक्क लेखी घ्या. बाकीची मापं तुम्हीच कापा, लायब्ररीचं (विकत घेतलेल्या गेमच्या यादीत दिसणारं) ६०० × ९०० धरून. पाच पात्रं नकोत, दहा कापणी नकोत म्हटल्यावर भाव सहाशेपर्यंत यायला हवा. मग शंभर प्रतींत खर्च निघतो. पैसे महिन्याच्या चारशेतून दोन भागांत द्या, निम्मे सुरुवातीला, निम्मे फाइल मिळाल्यावर. बँकेतल्या पाच हजारांना हात लावू नका. तो सव्वादोन महिन्यांचाच खर्च आहे आणि आधीच अपुरा आहे. एआयचं चित्र वापरलंत तर ते स्टोअरच्या पानावर जाहीर करावं लागतं. तुमचा गेम ज्यांना आवडेल असं तुम्ही लिहिता, ती हाताने काढलेल्या चित्रांची हौस असलेली मंडळी ते वाचतात. सहाशे वाचवायला एवढं पुरेसं कारण नाही.

चित्र तयार झाल्याशिवाय नेक्स्ट फेस्टमध्ये, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या स्टीमवरच्या मेळ्यात, उतरू नका. फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर असा वर्षातून तीनदा तो भरतो, प्रवेशाला पैसे नाहीत, पण एका गेमला एकदाच संधी मिळते आणि तीही प्रकाशनाआधीच. खेळता येईल असा डेमो लागतो. त्यासाठी प्रकाशन दोन-तीन महिने पुढे गेलं तर जाऊ द्या. कर्ज नसेल तर तुम्हाला घाई कसलीच नाही.

कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या आहेत की नाही ते पत्रातून कळत नाही. झाल्या नसतील तर आज रात्री वरचा हिशेब पत्नीसमोर ठेवा, ‘निम्मे घेतील’ हे वाक्य वगळून. जामीन त्या आहेत.